दुपारच्या उन्हाला आधी काठमांडू-ढाक्याची वाट द्या

प्रति,
मा. श्री. मनोहर लाल,
केंद्रीय ऊर्जामंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय : कच्छ-राजस्थानातली सौर व पवन वीज शेजारी देशांशी वाटून घेण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. पत्र मराठीत लिहितो आहे. आपल्या मंत्रालयात मराठी वाचणारे अधिकारी आहेत, त्यांतलं कुणीतरी ते आपल्यापुढे ठेवेल. उघडपणे लिहायचं कारण म्हणजे कच्छमधल्या खावड्याहून निघणारी ±800 केव्हीची, 6000 मेगावॉटची लाइन नागपूरला येऊन उतरणार आहे. वाळवंटातली वीज हा आता विदर्भातल्या शेतांवरून जाणारा विषय झाला आहे.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. समुद्राखालून रियाध-अबुधाबीला तार टाकायच्या गोष्टी आपण गेली काही वर्षं करतो आहोत. त्याआधी वाळवंटातली वीज जमिनीवरून काठमांडूला आणि ढाक्याला दीर्घ मुदतीच्या करारावर, भरवशाने पोहोचवून दाखवावी. तिथे जाणाऱ्या बऱ्याच तारा आज उभ्या आहेत. नियम आणि करार मात्र अजून कच्चे आहेत, आणि ते पक्के करणं आपल्या मंत्रालयाच्या हातात आहे.

'एक सूर्य, एक विश्व, एक ग्रिड' ही कल्पना पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय सौर आघाडीच्या पहिल्या सभेत मांडली. त्या आघाडीचं मुख्यालय गुरुग्रामला आहे, म्हणजे आपण तेव्हा ज्या राज्याचे मुख्यमंत्री होतात त्याच राज्यात. नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोला ब्रिटनसह तिची पुन्हा घोषणा झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये सौदी अरेबियाशी आणि फेब्रुवारी 2024 मध्ये अमिरातीशी वीजजोडणीचे सामंजस्य करार झाले. कागद भरपूर झाले, पण त्या दिशेने अजून एक युनिटही गेलेलं नाही.

भार प्रेषण केंद्रात, म्हणजे कुठल्या वीजकेंद्राने केव्हा किती वीज द्यायची हे जिथून सांगितलं जातं तिथे, दिवस तासांत मोजत नाहीत, ब्लॉकमध्ये मोजतात. पंधरा मिनिटांचा एक ब्लॉक, दिवसाचे 96. नोकरीतली बरीच वर्षं मी त्या ब्लॉकांवर काढली, म्हणून त्याच भाषेत सांगतो. तिसाव्या ब्लॉकच्या आसपास सौरवीज चढायला लागते आणि पन्नासाव्याला ती माथ्यावर असते. तेव्हा कोळशाच्या केंद्रांना निरोप जातो : लोड उतरवा. संच 55 टक्क्यांपर्यंत खाली येतो. त्याच्या खाली नेला तर भट्टीतली ज्योत टिकवायला तेल जाळायची पाळी येते. बरं, संच पूर्ण बंदही करता येत नाही, कारण संध्याकाळी तोच लागणार असतो आणि थंड पडलेला संच पुन्हा उभा राहायला कित्येक तास घेतो. बहात्तराव्या ब्लॉकनंतर सूर्य उतरतो, घरोघरी दिवे लागतात, आणि तास-दीड तासात हजारो मेगावॉटची चढण चढावी लागते. दुपारी एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या बाजारात, ज्या विजेला कुणी विचारत नाही, तीच तेव्हा बऱ्याचदा युनिटमागे दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडते.

2025 मध्ये राजस्थानात भर दुपारी हजारो मेगावॉट सौरवीज तोडावी लागली. पॅनल तयार, ऊन तयार, पण वीज बाहेर न्यायला लाइन नाही. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, मोठ्या पारेषण लाइनीला तीन ते पाच वर्षं लागतात. हे गणित खात्यातल्या प्रत्येकाला पाठ होतं, तरी प्रकल्पांना परवानग्या आधी गेल्या आणि लाइनींच्या निविदा मागून निघाल्या. यावर जास्त लिहीत नाही. भाडला–फतेहपूर आणि खावडा–नागपूर या दोन्ही मोठ्या एचव्हीडीसी (अतिउच्च दाबाच्या एकदिश विजेच्या) लाइनींचं काम दिलं गेलं आहे. त्या वेळेत झाल्या तरी पुष्कळ.

आता नकाशा पाहा. कच्छमधलं खावडा आणि ढाका जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, कर्कवृत्ताच्या किंचित वर. रेखांशात मात्र सुमारे 21 अंशांचं अंतर आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. म्हणजे ढाक्यात सूर्य बुडतो तेव्हा खावड्यात मावळतीला सव्वा तासाहून जास्त वेळ असतो, आणि अक्षांश एकच असल्यामुळे हा फरक बाराही महिने तेवढाच राहतो. सूर्याबरोबर फिरणारी पॅनलं असतील तर त्या तिरप्या उन्हातही बरीच वीज मिळते. तिकडे ढाक्यात त्याच वेळी पंखे, दिवे, दुकानं, सगळं एकदम चालू झालेलं असतं. हाच हिशोब पश्चिमेकडे केला तर मुंबईची संध्याकाळ सुरू होते तेव्हा अबुधाबीत साधारण सव्वा तासाचं ऊन शिल्लक असतं. आखाती केबलची कल्पना मुळात खुळी नाही ती याचमुळे. माझी हरकत फक्त आधी काय आणि नंतर काय, एवढ्यापुरती आहे.

नेपाळचं गणित तर याहून गोड आहे. तिथली वीजकेंद्रं बहुतेक वाहत्या पाण्यावर चालतात. पावसाळ्यात वीज उतू जाते, आणि डिसेंबरपासून नद्या आटल्या की उत्पादन क्षमतेच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतं. तेव्हा नेपाळ आपल्याकडून वीज घेतो. भूतानही आता हिवाळ्यात घेऊ लागला आहे. नेमक्या याच महिन्यांत थरचं आकाश निरभ्र असतं आणि हवा गार असल्यामुळे पॅनल उन्हाळ्यापेक्षा चांगली चालतात. नेपाळच्या 456 मेगावॉटच्या अप्पर तामाकोशी केंद्रात कोरड्या महिन्यांत दिवसाचं पाणी साठवून संध्याकाळी सुमारे चार तास पूर्ण क्षमतेने वीज काढायची सोय आहे. कुलेखानीला तर मोठा जलाशयच आहे. दुपारी थरची वीज तिकडे गेली तर तेवढं पाणी धरून ठेवता येईल, आणि संध्याकाळी त्यातली काही वीज आपल्याकडे उलटी येऊ शकेल.

यात मी नवीन काही सांगत नाही. महाराष्ट्रात आम्ही कोयना अशीच चालवली. पश्चिमेकडे सोडायच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाची 67.5 टीएमसीची मर्यादा असल्यामुळे पाणी संध्याकाळसाठी राखून ठेवायची सवय इथल्या भार प्रेषण अभियंत्यांच्या हाडात मुरली आहे. दुपारी कोयनेचा संच फिरताना दिसला की वरिष्ठ आधी कारण विचारत, मग चहा. हीच शिस्त हिमालयातल्या पाण्याला लावायची, फक्त मधे एक सीमा आहे.

वाऱ्याचं उलटं आहे. कच्छ-जैसलमेरचा वारा नैऋत्य मोसमात जोर धरतो आणि बऱ्याचदा संध्याकाळनंतर वाढतो. तेव्हा नेपाळकडे स्वतःचीच वीज जास्त असते, पण बांगलादेशाला उकाड्यात विजेची भूक असते. थोडक्यात, हिवाळ्याचं ऊन उत्तरेला आणि पावसाळ्याचा वारा पूर्वेला, अशी निसर्गानेच मांडणी करून दिली आहे.

माझ्या सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी इथे मला अडवणार. "साहेब, आम्ही रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो, बांधावर साप असतो, आणि तुम्ही दुपारची वीज परदेशात पाठवायची म्हणता?" त्याचा राग शंभर टक्के रास्त आहे, आणि उत्तर त्याच्या तोंडावर देता येईल असंच हवं. उत्तर असं की राजस्थानात दुपारी तोडलेली वीज त्याच्या मोटारीपर्यंतही पोचत नव्हतीच. लाइन झाली की पहिला हक्क त्याचा, याबद्दल दुमत नको. कृषी वाहिन्या सौरवर नेऊन दिवसा वीज द्यायची योजना महाराष्ट्रात चालू आहे, ती पुरी व्हायलाच हवी. पण शेतीचा सगळा भार दिवसा आणला, तरी पाऊसकाळात मोटारी बंद असतात, आणि रविवारी-सणावारी कारखाने. त्या दिवसांची वीज विकून पैसा आला, तर तो वितरण कंपन्यांच्या वीजखरेदीच्या खर्चातून वजा होऊन ग्राहकाच्या बिलात दिसला पाहिजे. तसं दिसणार नसेल, तर तो शेतकरी मला अडवतो ते बरोबरच आहे.

दुसरी भीती अभियंत्यांची : शेजाऱ्याच्या ग्रिडमधला बिघाड आपल्या घरात येईल. ही भीतीही खोटी नाही. 31 जुलै 2012 ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळून 60 कोटींहून जास्त लोकांचा भाग अंधारात गेला. तरी त्यानंतर दीड वर्षाच्या आत, 31 डिसेंबर 2013 ला, रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिण ग्रिड बाकी देशाला जोडलं गेलं. एक देश, एक फ्रिक्वेन्सी. त्या वेळी 'दक्षिणेचं दुखणं आपल्याकडे येईल' असं म्हणणारे कमी नव्हते. संरक्षण रिले नीट बसवले, शेड्यूल मोडणाऱ्यांना दंड कडक केला आणि जोडणी टिकली. बांगलादेशाच्या बाबतीत तर तेवढीही काळजी नको. बहरमपूर–भेरामारा जोडणी 2013 पासून एचव्हीडीसी बॅक-टू-बॅक आहे, म्हणजे मधे वीज एकदिश करून पुन्हा उलटवली जाते; 2018 पासून तिची क्षमता 1000 मेगावॉट झाली आहे. तिच्यातून वीज जाते, फ्रिक्वेन्सीचं हेलकावणं पलीकडे जात नाही.

एकटं ग्रिड किती नाजूक असतं ते श्रीलंकेत दिसलं. फेब्रुवारी 2025 मध्ये एका रविवारी एक माकड उपकेंद्रात शिरलं आणि अख्ख्या बेटाची वीज गेली. लोक माकडावर हसले. पण रविवारी मागणी कमी, छपरांवरची सौरवीज भरपूर आणि फिरत्या यंत्रांचा आधार तुटपुंजा, म्हणून एवढ्याशा धक्क्याने ग्रिड आडवं झालं. श्रीलंकेशी एचव्हीडीसी जोडणीचा करार एप्रिल 2025 मध्ये झाला आहे. समुद्राखालून तार न्यायचीच असेल तर पहिली ही असू द्या. पाल्कची सामुद्रधुनी उथळ आहे आणि पलीकडे गरज खरी आहे.

तंत्राची अडचण एवढीच. मोठी अडचण विश्वासाची आहे, आणि इथे मी थोडं स्पष्ट लिहिणार आहे.

नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्यात 3 ऑक्टोबर 2024 ला काठमांडूत करार झाला. नेपाळची वीज आपल्या तारांवरून बांगलादेशात जाते. दक्षिण आशियात तिसऱ्या देशातून वीज नेण्याचा हा पहिलाच व्यवहार, म्हणून त्याचं कौतुक करायलाच हवं. पण वीज किती? 40 मेगावॉट. तीही 15 जून ते 15 नोव्हेंबर. एवढ्याशा विजेसाठी वाटाघाटींना वर्षं लागली. खावड्याचा आराखडा 30 हजार मेगावॉटचा आहे, हे शेजारी ठेवून पाहिलं की वेग लक्षात येतो. जानेवारी 2024 मध्ये आपण नेपाळकडून दहा वर्षांत 10 हजार मेगावॉट घ्यायचं ठरवलं. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक नेपाळी प्रकल्पाला स्वतंत्र मंजुरी लागते, मुदत संपली की नूतनीकरण लागतं, आणि चिनी गुंतवणूक किंवा कंत्राटदार असेल तर दार बंद. मालकीबद्दलची सावधगिरी मला पटते. पण कुण्या चिनी कंपनीने बोगदा खणून दिला म्हणून नेपाळी मालकीच्या केंद्राची वीज कायमची नाकारायची, यात सुरक्षेपेक्षा हट्ट जास्त दिसतो. निदान नियम काय आणि कुठला अर्ज कशासाठी अडला, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असावं. आज नेपाळी विकासकाला ते दिल्लीत कुणाला तरी भेटून विचारावं लागतं.

बांगलादेशाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी चुकलं. झारखंडमधलं गोड्डा केंद्र 1600 मेगावॉटचं, कोळशावरचं, फक्त बांगलादेशासाठी बांधलेलं. ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यात सरकार पडलं आणि आठवड्याभरात आपण निर्यातीच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या : बिलं थकली तर असं केंद्र भारतीय ग्रिडला जोडता येईल. थकबाकी खरी होती, पुढे पुरवठा निम्म्यावर आणावा लागला, तेव्हा व्यापारी म्हणून आपण चूक केली असं मी म्हणणार नाही. पण शेजाऱ्याने त्यातून काय धडा घेतला असेल? भारताचे नियम एका आठवड्यात बदलतात, आणि बदलतात तेव्हा आपल्याला विचारत नाहीत. अशा देशाशी 25 वर्षांचा सौरवीज करार करताना तो दहादा विचार करणार. तेव्हा नियमबदलाला निदान सहा महिन्यांची पूर्वसूचना, आणि थकबाकीसाठी आधीच ठेवलेली हमी रक्कम, या दोन गोष्टी करारातच लिहून टाका. पैसे बुडायची भीती आपल्याला, वीज तुटायची भीती त्यांना. दोघांचीही सोय होईल.

युरोपने याच वाटेवर ठेच खाल्ली आहे. डेझर्टेक हा बेत 2009 मध्ये म्युनिकमध्ये उद्योग समूहांनी उचलला. सहारात आरसे आणि पॅनल लावायचे आणि 2050 पर्यंत युरोपच्या गरजेची 15 टक्के वीज भूमध्य समुद्र ओलांडून आणायची. खर्चाचा अंदाज 400 अब्ज युरो. 2012 मध्ये सीमेन्स आणि बॉश बाहेर पडले, 2014 पर्यंत बहुतेक भागीदार गळाले. युरोपातच सौरवीज स्वस्त झाली हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं : मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया यांच्या स्वतःच्या विजेची भूक आधी भागवायची की बर्लिनची, हा प्रश्न आराखड्यात नीट विचारलाच गेला नव्हता. मोरोक्कोहून इंग्लंडला सुमारे 4000 किलोमीटरची तार टाकायच्या प्रकल्पालाही ब्रिटिश सरकारने जून 2025 मध्ये दरहमी नाकारली.

आणि समुद्राची खोली? आज चालू असलेल्या समुद्राखालच्या सर्वांत लांब वीजजोडण्यांपैकी एक ब्रिटन-डेन्मार्कमधली, जमिनीवरचा भाग धरून 765 किलोमीटरची, तीही उथळ उत्तर समुद्रातली. ओमान ते गुजरात अंतर सुमारे हजार किलोमीटर आणि मधला तळ तीन हजार मीटरहून खोल. इतक्या खोलात वीजकेबल टाकायचा अनुभव आज जगात कुणाकडेही नाही. तिथे केबल तुटली तर दुरुस्तीचं जहाज किती महिन्यांनी येणार आणि तोवर मुंबईची संध्याकाळ कोण भागवणार? हा अभ्यास सरकारने करून घेतला असेल तर तो लोकांसमोर ठेवा. चुकीचे आकडे असतील तर आमच्यासारखे निवृत्त लोक फुकटात काढून देतील, आम्हाला दुसरा उद्योग नाही.

एका गोष्टीकडे मात्र मंत्रालयाचं नेहमी उशिरा लक्ष जातं. वाळवंट रिकामं नसतं. जैसलमेर-बाडमेरमध्ये ओरण आहेत, आपल्याकडच्या देवराईसारख्या, देवाच्या नावाने राखलेल्या. तिथे उंट-शेळ्या चरतात, तिथेच पाण्याची टाकी असतात. महसुली नोंदीत बऱ्याच ओरणांवर 'पडीक' असा शिक्का आहे आणि पडीक जमीन म्हणजे सौर प्रकल्पाला मोकळी. बिकानेरकडे सौर प्रकल्पांसाठी खेजडीची झाडं तुटतात म्हणून लोक रस्त्यावर आले. ज्या मारवाडात 1730 मध्ये खेजडलीला अमृतादेवींसह 363 बिश्नोईंनी झाडांसाठी जीव दिला, तिथे हे आंदोलन कुणी फूस लावून उभं केलं असं समजू नका. ओरणांची नोंद आधी पुरी करा, मग निविदा काढा.

माळढोकाबद्दल सोलापूरकराने न बोलणं बरं दिसणार नाही. नान्नजचं अभयारण्य 1979 चं. लहानपणी शाळेची सहल जायची तेव्हा माळरानावर तो उंच मानेने चालताना दिसायचा. आज नान्नजला जाऊन तो दिसेल याची खात्री वनरक्षकही देत नाही. देशात उरले ते दीडशेच्या आसपास, बहुतेक जैसलमेरमध्ये, आणि नेमक्या तिथेच तारा दाटल्या आहेत. हा पक्षी जड, त्याला समोरचं नीट दिसत नाही, तार जवळ आल्यावर वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं, मार्च 2024 मध्ये तो आदेश सौम्य करून समिती नेमली. अतिउच्च दाबाच्या लाइनी शेकडो किलोमीटर जमिनीखाली नेता येत नाहीत, हे मी अभियंता म्हणून मान्य करतो. पण 33 केव्हीच्या तारा नेता येतात, आणि प्रकल्पांच्या आतल्या बहुतेक तारा त्याच असतात. थोडा खर्च वाढेल. वाढू द्या.

नागपूरकडे येणाऱ्या लाइनीचे शेवटचे टॉवर आमच्याच शेतकऱ्यांच्या रानात उभे राहणार. वीजवाहिनीसाठी जमीन संपादित होत नाही, 1885 च्या तार कायद्याच्या अधिकाराने ती फक्त वापरली जाते. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर राहतो, पण तारांखाली घर बांधता येत नाही की उंच झाड लावता येत नाही, आणि जमीन विकायला काढली तर गिऱ्हाईक निम्मा भाव सांगतं. आपल्याच मंत्रालयाने जून 2024 मध्ये टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के मोबदला सुचवला. ते चांगलं केलंत. आता टॉवरचा खड्डा खणण्याआधी तो पैसा खात्यात जमा व्हावा, आणि नोटीस मराठीत, गट नंबरसकट ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, एवढं कंत्राटाच्या अटीतच घाला. लाइनी कुठे अडतात ते बघा : तांत्रिक कारणाने क्वचित, मोबदल्याच्या भांडणाने नेहमी.

शेवटी एक छोटी मागणी. पंचवीस वर्षांच्या कराराआधी एका हिवाळ्यापुरता प्रयोग करा. डिसेंबर ते मार्च, नेपाळ आणि बिहारला जोडणाऱ्या ढल्केबर–मुझफ्फरपूर लाइनीवरून रोज दुपारी ठरावीक ब्लॉकमध्ये 200 मेगावॉट सौरवीज नेपाळला द्या, आणि तिच्या बदल्यात संध्याकाळच्या ब्लॉकमध्ये जेवढी जलविद्युत त्यांना परत देता येईल तेवढी घ्या. पैसे युनिटमागे न मोजता अदलाबदलीच्या हिशोबाने मोजा; आपली राज्यं आपसात बँकिंग करतात तसंच. रोजचे 96 ब्लॉक देशाचं ग्रिड चालवणाऱ्या ग्रिड-इंडियाच्या संकेतस्थळावर टाका, म्हणजे किती वीज गेली, किती आली आणि कोणत्या दिवशी का नाही आली, हे काठमांडूतल्या अभियंत्यालाही दिसेल आणि सोलापुरात बसून मलाही.

कळावे,

आपला,
एक निवृत्त पारेषण अभियंता
सोलापूर